पिवळ्या रंगातली तारीख

जुनी गाडी घ्यायची असेल तर आधी भंगारवाला पाठवायचा. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही. माझी मीच काढली, आणि बरीच वर्षं तिच्याबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत आलो.

ज्याच्या दारात जुनी अमेरिकन गाडी उभी असते, त्याला वाटत असतं की आपल्याकडे खजिना आहे. बापाची असते, आजोबाची असते. अशा माणसाशी भाव करता येत नाही. म्हणून आधी माझा ठरलेला भंगारवाला जायचा. टायरला लाथ मारायचा, मडगार्डवर बोटं वाजवायचा, आणि म्हणायचा, "किलोवर घेतो शेठ. क्रेनचा खर्च तुमचा." मालक चिडायचा, त्याला हाकलून द्यायचा. पण तो आकडा घरात राहायचा. बायको म्हणायची, बघा, तो काय म्हणत होता. मुलगा म्हणायचा, जागा तरी मोकळी होईल. आठ-दहा दिवसांनी मी जायचो, इस्त्रीचा शर्ट घालून. गाडीला आधी हात जोडायचो. मग भंगारापेक्षा थोडा जास्त भाव सांगायचो. माणसं मला चहा पाजायची, डोळ्यांत पाणी आणायची, आणि 'चांगल्या घरी चालली' म्हणून गाडीला हळद-कुंकू लावून माझ्या स्वाधीन करायची.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझा पत्र्याचे भाग बनवायचा कारखाना आहे. त्याच्या मागच्या शेडमध्ये माझ्या सहा गाड्या असतात. सगळ्या अमेरिकन, बहुतेक आठ सिलिंडरच्या. एक लांबलचक इम्पाला आहे, एक नव्या मॉडेलची मस्टँग आहे, आणि एक जुनी मस्टँग आहे, दोन दारांची, गडद हिरवी, डाव्या हाताच्या स्टिअरिंगची. गाड्यांच्या मेळाव्यात लोक तिच्याभोवती उभे राहतात. ही कुठे मिळाली, असं विचारतात. मी "नाशिकमध्येच" एवढं सांगतो आणि गप्प बसतो. लोकांना वाटतं, माणूस मितभाषी आहे. मितभाषी नाही मी. बोलायला लागलो तर ही गाडी कशी मिळाली तेही सांगावं लागेल, म्हणून तोंड मिटून घेत आलो.

ती गाडी माझ्या सरांची.

सर म्हणजे आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक ट्रेडला मला शिकवायला होते ते. बारीक, काळे, खाकी शर्टाच्या खिशात कायम एक टॉर्च. शाबासकी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही. पहिल्या वर्षी मी तीन दिवस घासून एक चौकोनी तुकडा तयार केला होता. त्यांनी त्याला काटकोन लावला, उजेडात धरला आणि सगळ्या बॅचसमोर भंगाराच्या पिंपात टाकला. "पुन्हा." एवढंच. पुढे मी जे केलं त्याचं कारण म्हणून हे सांगत नाहीये. तसं काही नव्हतं. त्या तुकड्याचा राग मला कधीच नव्हता, आणि असता तर हे सगळं थोडं तरी समजण्यासारखं झालं असतं.

त्यांचे दोन नियम होते. पहिला: स्टोअरमध्ये माल आला की आधी त्याच्यावर पिवळ्या ऑइलपेंटने तारीख टाकायची, मग चहा. "तारीख नसलेला पार्ट म्हणजे बाप नसलेलं पोर," असं म्हणायचे, आणि लगेच म्हणायचे, "पोराचा दोष नसतो त्यात, स्टोअरकीपरचा असतो." दुसरा नियम: स्टिअरिंगला आणि ब्रेकला वेल्डिंग नाही. मोडला तर नवा घाल. "ज्याला मरायचंय त्याने एकट्याने मरावं. विहिरी काय कमी आहेत?"

पहिला नियम माझ्या हातात मुरला. आजही माझ्या शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येक पार्टवर पिवळी तारीख असते. हात आपोआप ब्रशकडे जातो.

दुसऱ्या नियमाने त्यांचा घात केला. म्हणजे, तो नियम आणि मी.

ती हिरवी मस्टँग मूळची कळवणकडच्या एका बड्या बागायतदाराची. कुणा परदेशी साहेबाकडून त्याने हौसेने घेतलेली. घाटात एकदा कठड्यावर आपटली आणि मग दहा-बारा वर्षं त्याच्या विहिरीजवळ पडून राहिली. शेळ्या तिच्या टपावर उन्हाला बसायच्या. सरांची बायको तिकडचीच. माहेरी गेली असताना तिने ती गाडी सरांना दाखवली, आणि सरांनी पगारातून साठवलेल्या पैशांत तो सांगाडा घेतला, आरसी पुस्तक स्वतःच्या नावावर करून घेतलं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घरी आणला. नाशिकरोडच्या अलीकडे त्यांची कॉलनी. शिक्षक, कारकून, कारखान्यातले कामगार, सगळी बौद्ध घरं, कोपऱ्यावर विहार. घराशेजारी पत्र्याची शेड मारून सरांनी पुढची सोळा-सतरा वर्षं प्रत्येक रविवार त्या गाडीला दिला. पत्रा ठोकला, इंजिन उतरवलं, बसवलं. इंजिन असं लागलं होतं की बोनेटवर पाण्याचा पेला ठेवा, थेंब सांडायचा नाही.

फक्त गाडी जागची हलत नव्हती. घाटात आपटली तेव्हा स्टिअरिंग बॉक्सच्या बिडाच्या कवचाला तडा गेला होता. दुसरा कुणीही मिस्त्री असता तर वेल्डिंगचा टाका मारून मोकळा झाला असता. सर नाही.

काकू त्या गाडीला 'माहेरची मोटार' म्हणायच्या. "लग्नात नाय मिळाली, उशिरा आली," असं सांगून स्वतःच हसायच्या. दर रविवारी दुपारी सर इंजिन सुरू करायचे आणि काकू उजवीकडच्या सीटवर जाऊन बसायच्या. त्या सीटला त्यांनी क्रोशाचं पांढरं कव्हर केलं होतं. मी एकदा हे पाहिलं आहे. आवाजाने शेडचा पत्रा थरथरत होता, गाडी जागेवरच गुरगुरत होती, आणि सर समोरच्या भिंतीकडे बघून सांगत होते, "द्वारका आली... मुंबई नाका... हे इंदिरानगर... पाथर्डी फाटा..."

"पोचलो का?" काकू.

"उतरा. लेणी आली."

त्र्यंबकला जाणारे लोक बसनं जातात तशी ही दोघं दर बुद्धपौर्णिमेला रिक्षानं त्रिरश्मी लेण्यांवर जायची. गाडी चालती झाली की पहिली फेरी लेण्यांची, हे ठरलेलं होतं. सरांनी शब्द दिला होता. त्यांचं आणखी काहीही मागणं नव्हतं. त्यांना मेळाव्यात जायचं नव्हतं, बक्षीस नको होतं. कॉलनीपासून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत आणि परत.

मी अमेरिकेतून पार्ट मागवतो हे कळल्यावर सरांनी मला बोलावलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"जय भीम," दारात म्हणाले.

"नमस्कार सर," मी म्हणालो. मी कायम नमस्कारच म्हणत आलो. हेही लिहून ठेवतो.

त्यांनी एका वहीच्या पानावर स्टिअरिंग बॉक्सचं चित्र काढून ठेवलं होतं, मापांसकट. पैशांचं पाकीट पुढे केलं. मी त्यांच्या पायाला हात लावला. "सर, तुमच्याकडून पैसे घेऊ? तुम्ही मला घडवलं." काकूंनी पदर डोळ्यांना लावला. ते पाकीट मी घेतलं असतं तर सर महिन्याभरात मला जाब विचारू शकले असते. फुकट आणून देणाऱ्याला जाब कसा विचारणार? हे मला त्या क्षणी कळत होतं. मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं नकळत झालं असं कुणाला वाटू नये.

गाडी पाहिल्या क्षणापासून मला ती हवी होती. आमच्या गाडीवाल्या मंडळींत मी फोटो दाखवला तेव्हा एकजण म्हणाला, "त्यांच्याकडं मस्टँग? त्या वस्तीत? काय करतात, कोंबड्या बसवतात?" सगळे हसले. मीही हसलो. नुसतं हसलो नाही, मलाही तेच खुपत होतं. माझ्या घरी सर एकदा आले होते, मी आयटीआय पास झालो तेव्हा, आणि त्यांना दिलेला कप माझ्या आईने नंतर मोरीतल्या फळीवर वेगळा ठेवला होता. मी तो पाहिला होता आणि काही बोललो नव्हतो. गाडीच्या बाबतीतही आत कुठेतरी तोच कप होता.

बॉक्स अडीच महिन्यांत आला. लाकडी खोक्यात, मेणकागदात गुंडाळलेला, वजनदार, नवा. मी तो बाकावर ठेवला आणि ब्रश घेऊन एका बाजूला तारीख टाकली. मग चहा घेतला. मग तो ऑफिसातल्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात ठेवून कुलूप लावलं.

विचार असा होता: चालती गाडी माणूस विकत नाही. न चालणारी गाडी आज ना उद्या विकतो. सहा महिने थांबू, सर कंटाळतील.

पहिल्या वर्षी मी सांगितलं, जहाज उशिरा आहे. मग सांगितलं, कस्टममध्ये अडकलंय. मग सांगितलं, आला होता पण उजव्या हाताचा निघाला, परत पाठवला. हे ऐकून सर हळहळले. माझ्यासाठी हळहळले. "तुझा किती वेळ जातो रे यात. जिवाला लावून घेऊ नको."

मधे मी भंगारवालाही पाठवला. हो, त्यांच्याकडेही. तो परत येऊन म्हणाला, "शेठ, तुमचं ते म्हातारं येडं हाय. मी किलोवर मागितली, तर मला बसवून भाकरी खायला घातली. म्हणे उन्हाचा आलास." सरांनी मला तोच किस्सा हसत सांगितला. "भाव सांगून गेला बिचारा. त्याचंही पोट आहे." मी खवळल्याचं नाटक केलं. "सर, कुणालाही देऊ नका. मी आहे ना!"

बायकोने एकदा कपाटात बघितलं. "हे कुणाचं?" मी सांगितलं, सरांचं. "मग देऊन टाका हो." मी म्हणालो, देतो. तिने पुन्हा विचारलं नाही. आमच्यात पुष्कळ गोष्टी अशा न विचारता राहिल्या आहेत.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मी नवी मस्टँग घेतली आणि पहिल्यांदा कुठे नेली असेल, तर सरांच्या कॉलनीत. का नेली? त्यांना दाखवायला. पोरं गोळा झाली. सरांनी बोनेट उघडायला लावलं, वाकून बघितलं.

"नुसतं झाकणच दिसतंय की रे. मिस्त्रीला जागाच ठेवली नाही हिच्यात."

"सर, पाच लिटर आहे."

"असेल. दुधाचं पातेलंही असतं."

पोरं खिदळली. मी काकूंना म्हणालो, चला, चक्कर मारून आणतो. त्या जवळ आल्या, सीटला हात लावून पाहिला आणि मागे झाल्या. "नको रे भाऊ. आधी आमच्या मोटारीत बसन, मग तुझ्या. नायतर तिला राग यायचा." मग थोडं थांबून, "तुझी कशी लगेच आली? आमचं तेवढं एक खोकं येईना."

सर त्यांच्यावर ओरडले. "गप. तो काय कमी खटपट करतोय?"

मी घरी येताना गाडीत एकटाच हसलो. 'एक खोकं' या शब्दांवर. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सहा महिन्यांचं गणित तोवर केव्हाच संपलं होतं. गाडी मला हवीच होती, पण त्याहून जास्त मला त्यांचं वाट बघणं आवडायला लागलं होतं. दर महिन्या-दोन महिन्यांनी फोन यायचा, अजिजीने, "काही कळलं का रे?" ज्या माणसाने माझा तुकडा पिंपात टाकला होता तो माणूस. मी वर म्हणालो की त्या तुकड्याचा राग नव्हता. नव्हताच. पण गोडी लागायला राग लागतोच असं नाही.

चौथ्या वर्षी काकूंच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा दवाखाना, रिक्षाने. रिक्षाचे हादरे सहन व्हायचे नाहीत. एका सकाळी सरांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच सपाट होता.

"डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. ती रोज लेण्यांचं काढतेय. तेवढा बॉक्स... बघ काही होतंय का. कुठूनही. जुना चालेल."

मी कारखान्यातल्या खुर्चीत बसलो होतो. कपाट माझ्या गुडघ्याजवळ होतं. हात लांबवला असता तर कुलपाला लागला असता. 'कालच आला, सर' एवढं म्हटलं असतं तर कुणी काही विचारलं नसतं. खोटं तयार होतं, सोपं होतं, आणि या वेळी त्या खोट्याने भलं झालं असतं. अर्ध्या दिवसात बॉक्स बसला असता.

"प्रयत्न चालू आहे सर," मी म्हणालो.

असं का म्हणालो? कारण इतकी वर्षं थांबलो आणि आता शेवटच्या टप्प्यात गाडी चालती करून द्यायची, हे मला नुकसान वाटलं. याहून दुसरं कारण मला सापडलेलं नाही. शोधलं नाही असं नाही.

पुढच्या महिन्यात काकू गेल्या. विहारातल्या शोकसभेला मी पांढरे कपडे घालून गेलो. सरांनी मला पुढे बसवलं आणि जमलेल्यांना सांगितलं, "हा माझा विद्यार्थी. हिच्या मोटारीच्या एका पार्टसाठी चार वर्षं जगभर शोधतोय. रक्ताची माणसं करत नाहीत इतकं." लोकांनी माझ्याकडे आदराने बघितलं. एका बाईंनी माझा हात हातात घेतला.

दोन महिन्यांनी सरांनी स्वतःच बोलावलं. शेडचं दार उघडं होतं.

"घेऊन जा आता. मला काय करायचीय? तू एवढा मागे लागलास तिच्या, तूच ने. पार्ट मिळाला की चालव."

"सर, किंमत..."

"तो भंगारवाला भाव सांगून गेला होता ना? तोच दे. बाकी कुणी कधी विचारलंच नाही."

मी तोच भाव दिला. माझाच भाव होता तो. क्रेनने गाडी उचलली तेव्हा सरांनी उजव्या सीटवरचं क्रोशाचं कव्हर काढून घडी घातली आणि खिशात ठेवली, टॉर्चच्या खिशात.

माझ्या माणसांनी बॉक्स एका दुपारी बसवला. नवे टायर, नवा रंग, या माझ्या हौसेला दोन महिने गेले. आणि मग गाडी दारात झळझळीत उभी राहिल्यावर माझ्या मनात जे आलं त्याची मला सर्वांत जास्त लाज वाटते. मला शाबासकी हवी होती. सरांकडून. मी त्यांना फोन केला. "सर, बॉक्स मिळाला शेवटी! चला, लेण्यांवर जाऊ. काकूंची इच्छा."

ते आले. नवा शर्ट घातला होता. उजव्या सीटवर बसले आणि खिशातून ते कव्हर काढून मांडीवर ठेवलं.

डाव्या हाताच्या गाडीत चालवणारा रस्त्याच्या कडेला बसतो. उजवीकडून मागून काय येतंय ते त्याला दिसत नाही. त्या काळच्या या गाड्यांना आरसाही डावीकडेच. म्हणून आपल्याकडे अशी गाडी दोघांनी चालवायची असते. उजवीकडचा मागे वळून बघतो आणि सांगतो, तेव्हाच बाहेर काढायची. सरांना हे सांगावं लागलं नाही. पहिल्याच ट्रकमागे ते मान वळवून बसले.

"थांब... थांब... बस येतेय... हं, जा."

मी गेलो. वर्गात ऐकायचो तसा तो आवाज. द्वारकेला म्हणाले, "द्वारका आली." मुंबई नाक्याला, इंदिरानगरला, सगळीकडे. पाथर्डी फाट्याला त्यांनी मांडीवरचं कव्हर सारखं केलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. गाडी सुरेख चालत होती. सत्तर-पंच्याहत्तरीचा तो माणूस मला म्हणाला, "हात चांगला बसलाय तुझा." तीस-पस्तीस वर्षांनी. मला भरून आलं. खरंच आलं, काय सांगू.

पायथ्याशी गाडी लावली. ते वर डोंगराकडे बघत थोडा वेळ उभे राहिले. पायऱ्या चढायचं वय राहिलं नव्हतं. मग वळले आणि म्हणाले, "बोनेट उघड. पहिल्या फेरीनंतर गळती बघायची असते. विसरलास?"

मी बोनेट उघडलं. त्यांनी टॉर्च काढला, डाव्या बाजूला वाकले, ब्रेकच्या भांड्याखाली, जिथे बॉक्स बसतो तिथे उजेड टाकला. मी शेजारी उभा राहून सांगत होतो, बोल्ट नवे घातले, सील नवं घातलं. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मला वाटलं, चक्कर आली की काय.

"सर?"

"पिवळा रंग," ते आतूनच म्हणाले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं मी प्रत्येक पार्टवर तारीख टाकत होतो की ती मला दिसायचीच बंद झाली होती. माझ्या माणसांनी बॉक्स बसवला, मी तपासला, पुसला, आणि ती तारीख वाचली नाही. ज्याने ती टाकायला शिकवलं त्याने वाचली.

ते सरळ झाले. टॉर्च बंद केला. बोटं पुसली, एक एक करून.

"तेव्हा ती होती," म्हणाले.

मी काहीतरी बोलायला लागलो. की, सर, दुसऱ्या गाडीसाठी आला होता, की, तारीख चुकली असेल. त्यांनी हात वर केला. रागाने नाही. वर्गात गोंगाट थांबवायला करायचे तसा.

"चालायची तेव्हा ती," पुन्हा म्हणाले. "पायऱ्या चढायची."

येताना ते उजव्या सीटवरच बसले. बसायला दुसरी जागा नव्हती. हायवेला लागलो आणि पुढे विटांनी भरलेला एक ट्रॅक्टर आला. धूर सोडत, बैलगाडीच्या चालीने. मी वेग कमी केला, थोडी उजवीकडे घेतली.

"सर, जाऊ का?"

ते समोर बघत होते. मांडीवरचं कव्हर दोन्ही हातांनी धरलेलं.

"सर, मागे आहे का काही?"

मागून हॉर्न वाजत होते, उजवीकडून गाड्या सणसणत जात होत्या, आणि मला एकही दिसत नव्हती. मी बाहेर काढली नाही. पाथर्डी फाटा, इंदिरानगर, मुंबई नाका, सगळा रस्ता मी त्या ट्रॅक्टरच्या मागे रांगत आलो. ट्रॅक्टरवर मागे तोंड करून बसलेला मजूर आमची हिरवी गाडी बघून आधी हसला, हात केला, मग त्यालाही काय वाटलं कोण जाणे, तोंड फिरवून बसला.

घरासमोर सर उतरले. मी पुढे होऊन म्हणालो, "गाडी ठेवून घ्या सर. तुमचीच आहे. मला पैसे परत नकोत." त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं तसं त्यांनी त्या तुकड्याकडेसुद्धा बघितलं नव्हतं.

"ती तारीख पुसू नको," एवढं बोलून आत गेले.

नंतर मी त्यांच्याकडे गेलो नाही. फोन केला नाही, त्यांचाही आला नाही. गेल्या थंडीत ते वारले. मी गेलो, मागच्या ओळीत उभा राहिलो. पुण्याहून आलेली त्यांची मुलगी शोधत माझ्यापाशी आली आणि वाकून नमस्कार करायला लागली. "बाबा शेवटपर्यंत सांगायचे, तुम्ही आईच्या गाडीसाठी किती धडपड केलीत. चार वर्षं."

म्हणजे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. पोटच्या मुलीलासुद्धा नाही. तिथे त्या मुलीला खरं सांगायला तोंड उघडलं, आणि "सर मोठे होते" असं काहीतरी म्हणून बाहेर पडलो. दारात कुणीतरी म्हणालं, "जय भीम." मी थबकलो. "जय भीम," म्हणालो. पहिल्यांदाच. ज्यांना म्हणायचं होतं ते आत झोपवलेले होते.

परवा मेळाव्यात एक तरुण डॉक्टर ती गाडी बघत होता. हौशी माणूस, बोनेटखाली पार डोकं घालून बघणारा. "काका, इथं पिवळ्या रंगात तारीख आहे. कसली?"

नेहमी मी सांगतो, पार्ट आला त्या दिवसाची. खरंच आहे ते. कुणी पुढे विचारत नाही.

या वेळी मी त्याला म्हणालो, बस, सांगतो. तो उजव्या सीटवर बसला. मी सुरुवात केली, भंगारवाल्यापासून. अर्ध्यावर त्याला कुणाचा तरी फोन आला आणि तो सॉरी काका म्हणून उतरून गेला. पुन्हा आला नाही. म्हणून हे लिहून काढलं. सरांच्या मुलीला पाठवणार आहे. तिने गाडी मागितली तर गाडी देईन, आणि काही न मागता नुसतं वाचून ठेवून दिलं, तर तेही तिच्या वडिलांसारखंच होईल.